अकरा नंबरची गाडी

ओट्यापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत अकरा पावलं.
टेप लावलेली नाही, पायांनीच मोजली,
आणि हे पाय मापात फसत नाहीत:
एकतीस वर्षं तिबिलिसीच्या उतारांवर
ट्रॉलीबसचा ब्रेक दाबलाय त्यांनी.

सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये, असा हुकूम आहे.
नातिया कुताइसीहून फोनवर बजावते,
बाबा, बसून राहू नका, रक्त साकळतं.
दोघांचंही ऐकायचं
तर रूट घरातच काढावा लागतो.

काढला.
पहिला थांबा किटली.
दुसरा फ्रिज, चढावरच्या गाडीसारखा धापा टाकणारा.
तिसरा त्सिआलाचा कोट,
चार हिवाळे त्याच खुंटीवर.
इथे कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही,
तरी गाडी थांबते. वेळापत्रकात आहे.
मग आरसा. तो विनंती थांबा,
आणि विनंती सहसा येत नाही.
शेवटी गॅलरी, कुंडीतली कोथिंबीर,
खाली रिकामं अंगण,
त्यात कुणाचा तरी एकटा वाळणारा पायजमा.

पहिल्या दिवशी चाळीस फेऱ्या.
गुडघे म्हणाले, जुंबर, म्हातारचळ लागलाय तुला.
मी थांब्यांची नावं आणखी मोठ्याने पुकारली.

तेव्हा समोरच्या इमारतीतून, चौथ्या मजल्यावरून,
तेक्ले. वय सात, पुढचे दोन दात बेपत्ता.
"आजोबा, तुम्ही सारखे कुठे जाता?"
वार्केतिलीला.
"मला न्या ना."
तिकीट?
तिने कठड्यावरून अक्रोड दाखवला.
मी लांबूनच पंच केला.

तिची गॅलरी चार पावलांची.
माझ्या एका फेरीत तिला पावणेतीन बसतात;
हिशेब तिनेच वहीत मांडला,
शाळा बंद असताना भागाकार असा आला.
पाचव्या दिवशी पाचव्या मजल्यावरची नाझिब्रोला ओरडली,
हा काय गोंगाट लावलाय सकाळी सकाळी!
आठव्या दिवशी तीच
दोन हातांत लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन
खाली वर, खाली वर करत होती
आणि विचारत होती, गाडी अजून कशी नाही सुटली?

मग एका गुरुवारी मी उठलोच नाही.
ताप नव्हता. छत्तीस पूर्णांक चार.
खोकला नव्हता, वास येत होता,
काल करपलेल्या पावाचासुद्धा.
नुसतं छताकडे बघत पडलो.

ट्रॉलीबस चालवलेल्याला हे ठाऊक असतं:
भर चौकात डोक्यावरचे दांडे तारेवरून सुटतात,
आणि जिवंत गाडी जागच्या जागी लोखंड होते.
तेव्हा शिव्या देऊन भागत नाही.
उतरायचं, हातमोजे घालायचे,
मागे जाऊन दोर ओढायचा,
वर बघत दांडा तारेला लावायचा.
कधी पहिल्याच खेपेला बसतो,
कधी सातव्या.
उतारू खिडकीतून बघत असतात.

साडेआठ झाले.
बाहेर पातेल्यावर डाव बडवल्याचा आवाज.
"अकरा नंबर! अकरा नंबर उशिरा का?"

एकतीस वर्षांत
हा प्रश्न मला फक्त साहेबाने विचारला होता.

हातमोजे शोधले. खरे कधीच हरवलेत.
सिंकखाली भांडी घासायचे रबरी मिळाले, पिवळेधमक.
तेच चढवले. उठायला का लागतात
ते मला विचारू नका.
तिसऱ्या खेपेला उभा राहिलो.

त्या दिवशी बाराच फेऱ्या.
वहीत लिहिलं: वीज खंडित, सेवा उशिरा सुरू.
तेक्लेने तिकिटाचा अक्रोड फोडून खाल्ला होता,
तिला फुकट नेलं.

रात्री नातियाचा फोन. चाललात का?
चाललो.
किती?
जेवढी गाडी चालली तेवढा.

नंतर जेवणावर शतपावली म्हणून
दिवे न लावता एक शेवटची फेरी काढली,
उतारूंशिवाय, डेपोत परत जाताना काढतात तशी.
तिसऱ्या थांब्यावर जरा जास्तच थांबलो.
मागून कोणी हॉर्न दिला नाही.